चित्र थांबतं, आवाज चालूच

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून ही वही. बस स्थानकाच्या नियंत्रण कक्षात तीस वर्षं माईकवर गाड्यांच्या घोषणा केल्या आणि नोंदवही लिहिली: कुठली गाडी, किती उशीर, कारण काय. निवृत्त झाल्यापासून लिहिण्यासारखं कारणच घडत नव्हतं. आता घडलंय.

मी खुणांची भाषा शिकायला घेतली आहे. कॉम्प्युटरवर चाळीस धडे आहेत. शिकवणाऱ्या बाईंना स्वतःला ऐकू येत नाही. त्या हातांनी शिकवतात आणि मागून एका मुलीचा आवाज ते बोलून समजावतो. आवाजाचे उच्चार बरे आहेत, श्वास मात्र चुकीच्या जागी घेतला जातो. माझ्या हाताखाली असती तर आठ दिवसांत सुधारली असती.

एप्रिलमध्ये मुलाचं लग्न आहे. होणाऱ्या सुनेला जन्मापासून ऐकू येत नाही. ती दातांच्या लॅबमध्ये काम करते. दातांवरच्या टोप्या, कवळ्या, सगळं स्वतःच्या हाताने घडवते. लॅबसाठी दात भाजायची नवी भट्टी बघायला ती १५ मार्चला आमच्या गावात येणार आहे आणि एक दिवस आमच्याकडे राहणार आहे. मुलाला सुट्टी नाही, म्हणजे मध्ये दुभाषा नाही. चाळीस दिवस, चाळीस धडे. हिशेब सरळ आहे.

मुलाला यातलं काही सांगितलेलं नाही. ताईला सांगावं लागलं, कारण ती याच घरात राहते. "गुडघे वाकेनात तुझे, आता बोटं वाकवणार," म्हणाली. माझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे, जीभ मात्र अजून वयात यायचीय.

पहिला धडा झाला: मी, तू, नाव, घर.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दुसरा, तिसरा धडाही झाला. कुठे अडलं नाही. बोटं दुखतात. कॉम्प्युटर बंद करताना तो आपल्याच मनाने काहीतरी करत बसला, वर मलाच म्हणाला, बंद करू नका. त्याचं होईपर्यंत मी चहा करून प्यायले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज चौथ्या धड्यात दुसऱ्या मिनिटाला बाईंचा हात हवेतच थांबला. तोंड अर्धवट उघडं, डोळे अर्धवट मिटलेले. आवाज मात्र काही झालंच नाही अशा थाटात चालू: "आता बोटं अशी वळवा, आणि लगेच अशी." अशी म्हणजे कशी?

बंद करून परत उघडलं. दोन मिनिटं चाललं, पुन्हा थांबलं. कॉम्प्युटरच बंद करून चालू केला. तेच. पाच वेळा तेच.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर तो डोळे मिटून ऐकत बसला असता. मला आवाजाचा उपयोगच नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असं लिहितेय.

रविवार, ९ फेब्रुवारी

मुलाला फोन केला. कशाला हवंय ते सांगितलं नाही, कॉम्प्युटरवर चित्र थांबतं एवढंच सांगितलं. "आई, नेट स्लो असेल," म्हणाला.

कुणी कारण सांगितलं की ते तपासल्याशिवाय वहीत लिहायचं नाही, ही माझी जुनी शिस्त. कॉम्प्युटरमध्ये माझ्या निरोपसमारंभाचं चित्रण पडून आहे. त्याला नेट लागत नाही. नेटची वायर काढून ठेवली आणि ते लावलं. दुसऱ्या मिनिटाला आमचे साहेब हात वर करून थांबले आणि त्यांचं भाषण चालू राहिलं. ते एरवीही कधी थांबायचं नाही.

म्हणजे दोष नेटचा नाही. एक कारण खोडलं. रोज एक खोडलं तरी शेवटी खरं ते उरेल.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ताईने आज विचारलंच. "बाकीच्यांशी बोलते ती मोबाईलवर लिहून. तुझ्याशीही बोलेल. तुला ही एवढी घाई कशाची?"

कशाची ते तिला चांगलं माहीत आहे. ती शेजारीच बसली होती.

लिहूनच टाकते. डिसेंबरात मुलगा तिला पहिल्यांदा घरी घेऊन आला होता. जेवणं झाल्यावर तो फोनवर बोलायला गॅलरीत गेला. ती माझ्या समोर बसली होती. मी ताईकडे बघून म्हणाले, "मुलगी चांगली आहे गं, पण जन्मभर भिंतीशी संसार करायचा का त्याने?" आवाज कमी करायचीही तसदी घेतली नाही. गरज काय, असं वाटलं. ती माझ्या तोंडाकडेच एकटक बघत होती. दातांचं काम करते, कुणी दिसलं की दात बघायची सवय असेल. मग तिने खाली मान घालून टेबलावरचे चमचे एका रेषेत लावले.

ताई काही बोलली नाही. ताई गप्प बसली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पाठीमागे सगळेच बोलतात. मी तिच्या समोर बसून तिच्या पाठीमागे बोलले. तिला कळलं नाही, हे मला तेव्हा बरं वाटलं होतं. आता त्याचीच लाज वाटते.

"मग लिहून माफी माग," ताई म्हणाली. नाही. माझ्या भाषेत तिला लागेल असं बोलायचं आणि माफीही माझ्याच सोयीच्या भाषेत मागायची, तर मी जागची हलले कुठे?

शनिवार, १५ फेब्रुवारी

कॉम्प्युटर रिक्षात घालून दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "म्हातारा झालाय काकू. नवीन घ्या."

"आवाज नीट येतो," मी म्हणाले.

"तेच तर म्हणतो. एक गोष्ट चालते, एक नाही. वयच झालं की तसं."

मी त्याच्याहून बरीच म्हातारी आहे, माझं अजून सगळं चालतं. पेटी उचलून परत आणली. घरी झाकण उघडलं, आत गादीत असतो तेवढा कापूस निघाला. रंगाच्या ब्रशने सगळं झाडून काढलं. पंख्याचा आवाज कमी झाला. चित्र मात्र थांबतंच. धुळीवरही काट मारली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आता तर जास्तच बिघडलंय. धडा उघडला की एक चित्र दिसतं आणि तिथेच खिळतं. पण वाट बघायला माझ्याकडे दिवस नाहीत. आवाज ऐकायचा, खिळलेलं चित्र बघायचं आणि मधलं आपण जुळवायचं, असं करून दहा धडे संपवले.

आज अकरावा. यातच ती खूण आहे. बाईंचा उघडा तळहात छातीवर, आणि आवाज सांगतो: "विनंती करताना हात असा. आणि माफ करा म्हणायचं असेल तर हाच हात छातीवर ठेवून गोल फिरवा. चेहऱ्यावर तसा भाव ठेवा." हात दिसला, फिरवायचा कसा ते ऐकू आलं. आणखी काय पाहिजे. आरशासमोर चाळीस वेळा केलं. ताई म्हणाली, पोट दुखत असेल तर ओवा देऊ का.

रविवार, २३ फेब्रुवारी

काय करून बसले.

मुलाने मोबाईलवर चेहरा दिसेल असा फोन केला. शेजारी ती होती. बोलता बोलता दाराची घंटा वाजली, तो उठून गेला. पडद्यावर आम्ही दोघीच. असा क्षण पुन्हा कधी मिळायचा, असं वाटून मी तळहात छातीवर ठेवला आणि गोल फिरवला. चेहऱ्यावर भाव ठेवायला लागला नाही, तो होताच.

तिने भुवया उंचावल्या. पुढे झुकली. मी पुन्हा केलं. तिने हातांनी काहीतरी विचारलं, ते मला कळलं नाही. मग मुलगा परत आला, आणि मी केस सारखे करण्याचं नाटक केलं.

थोड्या वेळाने मोबाईलवर तिचा निरोप आला: "काकू, तुम्हाला काय हवंय?"

चार शब्द. पन्नास वेळा वाचले. मी माफी मागितली आणि ती विचारते, तुम्हाला आता काय हवंय. म्हणजे तिला सगळं माहीत आहे आणि तिला माझी माफी नको आहे. उत्तर काय द्यायचं? "काही नाही" असं लिहून पाठवलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

धडा नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

धडा नाही. मुलाचा फोन आला होता. "आई, तुला कसली अडचण नाही ना? खरं सांग." एकदम असं का विचारतोस, म्हटलं. "असंच," म्हणाला. तिने त्याला सगळं सांगितलेलं दिसतंय.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सकाळी ताईने कॉम्प्युटरवर टाकलेलं फडकं काढलं आणि घडी करून माझ्या हातात दिलं. "तिला नको असेल तर तिने तोंडावर नाही म्हणू दे. तुला तेवढं तरी कळायला नको?"

तीन दिवस वाया गेले, सोळा राहिले.

आज हात लावायच्या आधी ही वही पहिल्यापासून वाचली. आणि वाचताना स्वतःचाच राग आला. पहिले तीन धडे बिनतक्रार चालले होते. ५ तारखेपर्यंत ठीक, ६ला बिघाड. गाडी वाटेत बंद पडली की नियंत्रण कक्षातून पहिला प्रश्न मीच विचारायचे: शेवटचं काय बदललं? टायर, तेल, माणूस? आणि पाचच्या नोंदीत माझ्याच अक्षरात लिहिलंय की कॉम्प्युटर स्वतःच्या मनाने काहीतरी करत होता आणि मी चहा पीत होते.

कॉम्प्युटरही आपली नोंद ठेवतो. शोधायला दुपार गेली, पण यादी सापडली. त्यात ५ फेब्रुवारीपुढे एकच ओळ: चित्राचा ड्रायव्हर बदलला.

शनिवार, १ मार्च

काल दुकान बंद होतं. आज दुकानदाराला फोन केला, तारीख आणि ओळ वाचून दाखवली.

"काकू, हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मग मात्र मनापासून समजावलं. चित्र उलगडण्याचं काम एक भाग करतो, आवाजाचं काम दुसरा. चित्राच्या भागाला कामाला लावणारा जो प्रोग्राम, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नवा ड्रायव्हर या जुन्या गाडीला मानवला नाही. जुना अजून आत आहे, त्याला परत बोलवायचा. "घेऊन या, मी करून देतो." मी म्हटलं, नको, रस्ता सांगा. त्याने सांगितला, मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला आणि वाचत वाचत केलं. शेवटी कॉम्प्युटरने विचारलं, नक्की परत जायचं का? जुन्या ड्रायव्हरची किंमत मला कोण शिकवणार. हो म्हटलं.

पडदा काळा झाला. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. मग उजळला.

चौथा धडा लावला. दुसरं मिनिट गेलं. तिसरं गेलं. बाईंचा हात वळला, खाली आला, परत वर गेला. डोळ्यांची उघडझाप झाली. त्या हसतात हे मी विसरलेच होते. मी नुसती बघत राहिले, शिकायचं विसरून. ताई दारात उभी होती. "चालायला लागली की बाई तुझी," म्हणाली.

रविवार, २ मार्च

चौथ्या धड्यापासून सगळं पुन्हा बघायला घेतलं. नुसत्या कानांनी शिकलेलं निम्मं चुकीचं होतं. "उद्या"ऐवजी "काल" शिकले होते. ताईला तीन आठवडे "ही माझी मोठी बहीण" म्हणून जे दाखवत होते, ते "हे माझं मोठं कपाट" निघालं. ताईला ते फार आवडलं.

मग अकरावा धडा. बाईंनी तळहात छातीवर ठेवला आणि फिरवला: विनंती. मग तोच हात वळला, बोटं मिटली, मूठ झाली. मूठ छातीवर फिरली: माफ करा.

मूठ.

चित्र पहिल्या खुणेवर थांबलं होतं आणि आवाज दुसऱ्या खुणेवर पोचला होता. मी एकीचे हात दुसरीच्या शब्दांना जोडले. म्हणजे त्या दिवशी मी तिच्याकडे माफी मागितलीच नाही. ओळीने दोनदा, डोळ्यांत पाणी आणून, "प्लीज, प्लीज" म्हणत होते. माणूस दुसरं काय विचारणार? "काकू, तुम्हाला काय हवंय?"

आधी खूप हसले. मग हसू आवरलं, पण डोळे कोरडे होईनात.

लगेच लिहून कळवावं असं वाटलं होतं. नाही. तेरा दिवस आहेत. आता नीट शिकायचं.

शनिवार, ८ मार्च

पंचवीस धडे झाले, पुन्हा बघितलेले धरून. चाळीस होणार नाहीत. होतील तेवढे पक्के करायचे.

वाक्य जुळवलंय: त्या दिवशी. मी वाईट बोलले. तुला ऐकू आलं नाही. माफ कर. यात "भिंत" सांगायची की नाही, यावर ताईशी वाद झाला. ती म्हणते कशाला उकरून काढतेस, तिला माहीत नाही ते सांगून आणखी दुखवशील. खरं आहे. पण कशाची माफी ते न सांगता माफी मागायची म्हणजे उशिराची घोषणा करायची आणि गाडीचं नाव सांगायचं नाही. सांगणार.

भीती वाटते, हेही लिहून ठेवते. माईकसमोर एकदाही वाटली नव्हती. तिथे माझा चेहरा कुणाला दिसत नव्हता.

शनिवार, १५ मार्च

ती अकरा वाजता आली. भट्टी बघून थेट, हातात पत्रकांची पिशवी. मी दारातच "ये, बस, पाणी?" असं हातांनी विचारलं. तिची पिशवी हातातच राहिली. मग तिने इतक्या वेगाने उत्तर दिलं की मला एकही शब्द कळला नाही. मी "हळू" म्हटलं. तिने हळू केलं: कधी शिकलात? कुणी शिकवलं?

उत्तर नंतर देते, म्हटलं. आधी बस. ताई उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगीचच नळ सोडून ठेवला.

मी वाक्य सांगितलं. "त्या दिवशी" दोनदा चुकलं. "तुला ऐकू आलं नाही" यावर तिने मान हलवली. आधी स्वतःचे डोळे दाखवले, मग माझे ओठ.

मला कळायला वेळ लागला. मग कळलं. त्या दिवशी ती माझे दात बघत नव्हती.

तिने मोबाईल काढला, लिहून माझ्यापुढे धरला: "'भिंत' ओठांवर स्पष्ट दिसतं. आणि तुमच्याइतके स्वच्छ उच्चार फार कमी लोकांचे असतात."

तीस वर्षं माझ्या उच्चारांची तारीफ ऐकली आहे. आज पहिल्यांदा ती कुठे ठेवावी कळेना.

त्याला सांगितलंस का, विचारलं. नाही म्हणाली. का? तिने एक बोट माझ्याकडे केलं, एक स्वतःकडे, आणि दोन्ही जवळ आणली. मग लिहिलं: "आपल्या दोघींतलं होतं. तुम्ही कधी बोलता याची वाट बघत होते."

मी मूठ करून छातीवर फिरवली. यावेळी दुसरा कुठला शब्द मध्ये नव्हता. ती बघत राहिली. मग पुढे होऊन माझी मूठ हातात घेतली. वाटलं, खाली करेल. तिने माझा आत दडपलेला अंगठा बाहेर काढला, बोटांवर नीट ठेवला, आणि म्हणाली: पुन्हा.

पुन्हा केलं. तिने मान डोलावली. माफ केलं असं काही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

मग मी तिला बंद पडलेल्या चित्राची सगळी हकीकत सांगितली, निम्मी हातांनी, निम्मी लिहून. मूठ आणि तळहाताचं कळल्यावर ती टेबलावर डोकं ठेवून हसली. मग लिहिलं: "मला वाटलं तुम्हाला काहीतरी मागायचंय आणि मुलासमोर मागता येत नाहीये. मी त्याला दोनदा म्हटलं, आईला विचार, काही अडचण आहे का."

म्हणजे २५ तारखेचा तो फोन. मी तेव्हा या वहीत काय लिहिलं होतं ते आत्ताच पुन्हा वाचलं. खोडत नाही. नोंदवहीत खाडाखोड करायची नसते.

दुपारी तिने कॉम्प्युटर बघायला मागितला. तो उलटा फिरवून मागची पेटी न्याहाळली, आतला पंखा बघितला, आणि पिशवीतून दात साफ करायचा बारीक ब्रश काढून माझ्या हाताला न पोचलेल्या कोपऱ्यातली धूळ काढली.

रविवार, १६ मार्च

सकाळी तिला सोडायला स्थानकावर गेलो, ताईसुद्धा. माझ्या जागेवर आता दुसरी मुलगी आहे. तिने गाडीची जागा बदलल्याची घोषणा केली आणि सगळा घोळका पिशव्या उचलून निघाला. ही शांतपणे जुन्याच जागी उभी. मी दंडाला हात लावून सांगितलं: गाडी तिकडे, चार नंबर. तीस वर्षांत अशा किती घोषणा केल्या असतील. ज्यांना ऐकू येत नाही ते मागे उभे राहतात, हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. नियंत्रण कक्षाला उद्या पत्र लिहायचंय. फलक पाहिजेत, मोठ्या अक्षरांत.

ती खिडकीशी बसली. काच उघडत नव्हती. इंजिन चालू झालं आणि प्लॅटफॉर्मवरचे सगळे आपापल्या काचेखाली उभे राहून ओरडायला लागले. पोचलीस की फोन कर. डबा वरच्या पिशवीत आहे. आतल्यांना काही ऐकू येत नव्हतं, ते कानाला हात लावून काय, काय विचारत होते.

आम्ही दोघी निवांत बोलत होतो. मी विचारलं, पोचायला किती वाजतील. तिने सांगितलं, सहा. मी म्हटलं, सत्तावीस धडे झालेत, लग्नापर्यंत चाळीस पुरे करते. तिने मोजून तेरा बोटं दाखवली, एवढे राहिलेत. मी म्हटलं, मोठ्या कपाटालाही शिकवते. ताईने कशाबद्दल चाललंय ते विचारलं, मी सांगितलं नाही.

गाडी हलली. मी दोन्ही हात वर करून, लांबून दिसावं म्हणून, मोठ्ठं "परत ये" म्हटलं. पुन्हा एकदा म्हटलं. आजूबाजूचे लोक ओरडायचे थांबून माझ्याकडे बघायला लागले.

ती काचेला चिकटून हसत होती. तिने हात छातीजवळ ठेवून बारीक खुणेने काहीतरी सांगितलं. मला कळलं नाही. पुन्हा, म्हटलं. तिने शब्द शब्द सुटा करून सांगितला, आणि गाडी वळायच्या आत मला सगळा कळला:

हळू बोला. सगळा स्टँड ऐकतोय.